ज्याच्या हाती बांबू

पूल होऊन आता इतकी वर्षं झाली की खाली कधी होडी चालायची हे पोरांना सांगूनही पटत नाही. "एवढ्याशा नदीला होडी कशाला?" म्हणतात. नावाडी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी नदी पाहिली ती वरून, कठड्याला टेकून, दाणे खात. खालून पाहिली असती तर असं बोलले नसते. तो आपला संध्याकाळी जुन्या पायऱ्यांवर येऊन बसतो आणि मनातल्या मनात त्या उन्हाळ्यात जाऊन येतो. आयुष्यात बाकीचे उन्हाळे काय कमी आले? पण त्याला तोच एक लागतो.

त्या उन्हाळ्यात पुलाचा शेवटचा गाळा तेवढा राहिला होता. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं आणि तो आवाज पाण्यावरून चालत घरापर्यंत यायचा. पावसाच्या आत पूल सुरू होणार, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पूल सुरू झाला की होडी बंद, आणि होडी बंद झाली की घर खाली करायचं. कारण घर उताराचं, म्हणजे होडीच्या धक्क्याचं होतं. होडी चालवील त्यानं तिथं राहायचं, असा त्या घराचा करार, नावाड्याच्या आज्याच्या वेळेपासूनचा. पायऱ्यांच्या वर दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीत वल्ही टेकवायची खाच. बस, एवढंच. पण त्या खाचेत तीन पिढ्यांची वल्ही टेकली होती आणि दगड झिजून गुळगुळीत झाला होता.

शहरात नावाडणीचा भाऊ होता. त्यानं निरोप पाठवला होता, या इकडे, गोदामात हमाली आहे, पोती उचलायची. राहायला पत्र्याची खोली देतात. निरोप घरात सगळ्यांनी ऐकला. नावाड्याचे वडील, आबा, ओसरीत गुडघे चोळत बसले होते ते चोळत राहिले. नावाडी होडीतलं पाणी उपसायला निघून गेला, आणि ते तर सकाळीच उपसून झालं होतं.

अशात एक दिवस नर्सबाई आल्या. वरच्या अंगाला, नदीकाठानं, रस्ता नसलेल्या वाड्या होत्या, तिथं त्या औषधं घेऊन जायच्या. उतारावर त्यांची नेहमीची बैठक. होडीत बसता बसता त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला.

"दादा, आमचा दवाखाना इंजिनाची बोट घेतोय. वाड्यांना जायला. त्यावर माणूस पाहिजे. आणि बोट बांधायची कुठं, तर इथंच, तुमच्या पायऱ्यांना. म्हणजे घरही त्याच माणसाला."

नावाड्यानं बांबू चिखलात रोवला आणि होडी थांबवली. "वाचा."

बाईंनी वाचलं. आठवी पास पाहिजे. पोहता आलं पाहिजे. इंजिनाची माहिती पाहिजे. आणि या नदीवर होडी चालवल्याचा अनुभव.

नावाडी हसला. "चारातलं मला एक येतं, बाई."

"मग एक तरी येतं ना! पाण्याला भिणारेसुद्धा अर्ज करून मोकळे झालेत. गिरणीवाल्यानं केलाय. तो तर घरात पाणी सांडलं तरी खाटेवर चढून बसतो."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उभा जन्म पाण्यावर काढलेल्या त्या माणसाला पोहता येत नव्हतं. आबांनाही येत नव्हतं. आज्यालाही नव्हतं. ती त्या घराची रीतच होती: ज्याच्या हाती बांबू, त्यानं पोहायला शिकायचं नाही. फार मागे, आज्याचा एक भाऊ चांगला पोहायचा. पुरात होडी भोवऱ्यात सापडली तेव्हा त्यानं बांबू टाकला, उडी मारली आणि काठाला लागला. होडी माणसांसकट गेली. तो काठावर उभा राहून बघत होता म्हणे. त्या दिवसापासून घरानं ठरवलं, की होडी चालवणाऱ्याला पळून जायची वाटच ठेवायची नाही. वाचलो तर सगळे, नाहीतर सगळे. उताराच्या लोकांना याचा कोण अभिमान! नवख्या माणसाला होडीत बसवताना सांगायचे, "बसा बिनघोर. आमच्या नावाड्याला पोहता येत नाही."

आणि अशा घरात सून आली ती पट्टीची पोहणारी. तिचं माहेर वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर. तिथं पोरी चालायच्या आधी पोहायच्या. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं तिला पायऱ्यांवर नेलं, पाण्यात उभं केलं आणि गुडघ्याला बोट लावून सांगितलं, "इथपर्यंत. याच्या पुढं नाही. आणि बांबूला हात लावायचा नाही." सासू जाऊनही वर्षं झाली. पण सून गुडघ्याच्या पुढं गेली नाही. होडीच्या फटीत डांबर भरायची, पाणी उपसायची, दोर वळायची, उतारूंची गाठोडी उचलून ठेवायची. बांबू आडवा आला तर त्याच्यावरून पाय न टाकता वळसा घालून जायची.

त्या संध्याकाळी नावाड्यानं कागद तिच्यापुढं टाकला. ती सातवी शिकलेली, घरात तीच नीट वाचणारी. तिनं दोनदा वाचला.

"करा अर्ज."

"अगं, चारातलं एक—"

"अनुभव आहे. पोहणं मी शिकवते. इंजिन बघू पुढं."

"आणि आठवी?"

"तेवढं राहू दे त्यांच्याकडं."

अर्ज तिनंच लिहिला. शिक्षणाच्या रकान्याशी आल्यावर नावाडी म्हणाला, "आठवी लिहून टाक. कोण बघतंय?" ती म्हणाली, "खोटं नाही लिहिणार. चौथी लिहिते. पण अक्षर असं काढते की बघत राहतील." आणि खरंच, एवढं सुरेख 'चौथी' त्या दवाखान्यात आधी कधी कुणी लिहून दिलं नसेल.

आबांना काही सांगितलं नाही. त्यांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते ते दोघांनाही पाठ होतं.

शिकवणी पहाटे, वळणापलीकडं, लव्हाळ्यांच्या आड. नावाडीण पदर खोचून पाण्यात उतरली. नावाड्याच्या पाठीला तिनं तेलाचा रिकामा डबा दोरीनं बांधला, लहान पोरांना बांधतात तसा. चाळिशीचा बाप्या, दंडावर वल्ह्यानं आलेले गोळे, आणि पाठीवर डबा. डब्यावर कंपनीच्या बाईचं हसरं चित्र होतं, ते तेवढं हसत होतं.

"आधी तोंड पाण्यात घाला."

"आणि श्वास?"

"तो काठावर ठेवा. परत आल्यावर घ्या."

त्यानं तोंड पाण्यात घातलं आणि लगेच उसळून वर आला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, खोकला. ज्या पाण्यावर तो जन्मभर उभा राहिला ते आतून असं असतं याची त्याला कल्पनाच नव्हती. हिरवं, गार, आणि कान बंद करणारं. त्यानं बायकोचा दंड धरला तो सुटेना.

"मला धरू नका. मला धरलंत तर दोघं जाऊ. पाय मारा. पाय मारा हो, ते काय नुसते लोंबकळत ठेवलेत!"

"मारतोय की!"

"असे नाही. राग आल्यासारखे मारा."

राग यायला फार लांब जावं लागलं नाही. तो सकाळभर पाय मारायचा आणि दिवसभर होडी चालवायचा. बरगड्या दुखायच्या, पोटरीत गोळे यायचे.  मधल्या वेळात इंजिन शिकायला गिरणीवाल्याकडं गेला तो तळहात भाजून आला. गिरणीवाला मुळी स्वतःच अर्जदार, तो कशाला धड शिकवतोय!

पण एक सकाळ त्याला अजून दिसते. डबा सुटला होता, आता डब्याशिवाय दहाबारा हात जाता येत होतं. तो दमून काठावर पडला होता, छातीचा भाता चालू होता. ती पाण्यातच उभी होती. म्हणाली, "जरा जाऊन येते," जसं शेजारी विरजण आणायला जाऊन येते म्हणावं. आणि गेली. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. नदीच्या मधोमध गेली, तिथं उताणी झाली, आकाशाकडं बघत तशीच पडून राहिली. मग बुडी मारली आणि कुठल्या कुठं वर निघाली. तिचं डोकं नदीच्या भलत्याच अंगाला दिसलं तेव्हा नावाडी उठून बसला. परत आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती, मोठ्यानं, लग्नाआधी हसत असेल तशी. काठाशी आली, पाणी गुडघ्याखाली आलं, आणि तिनं एकदम तोंडावर हात ठेवला. सासू पायऱ्यांवर बसली आहे की काय असं मागं वळून पाहिलं.

नावाड्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ही बाई आपल्या घरात राहिली, रोज नदीकडं तोंड करून राहिली, आणि आपण हिला गुडघाभर पाण्यात उभं ठेवलं. त्याला ते बोलायचं होतं. पण त्यानं नुसतं म्हटलं, "थंडी वाजेल. केस पूस."

भांडीवाल्यानं त्यांना पाहिलं तो दिवस वाईट. भांड्यांचं ओझं घेऊन तो नेहमी होडीनं यायचा. त्या दिवशी आडवाटेनं आला आणि लव्हाळ्यांतून डोकावला. दुपारी भरल्या होडीत, बांबू पहिला टेकत असतानाच, तो म्हणाला, "काय नावाडी, पोहायला शिकताय म्हणे! उडी मारायचा बेत आहे की काय?"

होडी हसली. मग हळूहळू हसायची थांबली. एका म्हातारीनं नातवाला जवळ ओढलं. "खरं का रे?" तिनं विचारलं. नावाडी बांबूच्या टोकाकडं बघत राहिला आणि तेच उत्तर झालं. म्हातारी म्हणाली, "थांब बाबा, मला उतरव. मी आबाला विचारून येते."

विचारायला जावं लागलं नाही. आबा पायऱ्यांवरच होते. ते गुडघ्यांवर हात देत एक एक पायरी उतरले आणि होडीशी येऊन उभे राहिले.

"बांबू दे."

"आबा, नोकरीसाठी शिकतोय. तिथं अट आहे तशी."

"कर ना नोकरी. कोण नको म्हणतंय? पण पूल होईपर्यंत माणसं माझ्या होडीत बसतात. ती काय समजून बसतात ते तुला माहीत आहे. बांबू दे."

सगळ्यांच्या देखत. म्हातारी, नातू, भांडीवाला, सगळे बघत होते. नावाड्यानं बांबू दिला. आबा होडीत चढले तेव्हा गुडघा कटकन वाजलेला सगळ्यांनी ऐकला. त्यांनी होडी ढकलली, आणि नावाडी पोरासारखा काठावर उभा राहिला. दवाखान्याला पोहणारा पाहिजे होता, घराला न पोहणारा पाहिजे होता, आणि तो दहाबारा हात पोहणारा, दोन्हीकडचा गेला.

आबांनी मग रोज होडी चालवली. संध्याकाळी त्यांचे गुडघे सुजून यायचे. सून गरम पाण्याची फडकी ठेवायची, ते ठेवू द्यायचे, पण तिच्याशी बोलायचे नाहीत. मुलाशीही नाहीत. एकदाच, भिंतीकडं बघत मुलाला म्हणाले, "तुझी आई असती तर असं झालं नसतं." ती फडकं पिळत होती, पिळतच राहिली. आत येऊन मग चुलीपुढं रडली.

दवाखान्यानं परीक्षेला बोलावलं त्या दिवशी दोघं तालुक्याच्या धक्क्यावर गेले. ती कोरडे कपडे आणि जेवणाचा डबा घेऊन. अर्जदार सहा आले होते. त्यांची गंमत अशी, की चारही अटी पुऱ्या करणारा एकही नव्हता. एकजण दहावी पास, पण नदी त्यानं फोटोत पाहिलेली. एकजण मोटारी दुरुस्त करणारा, हात काळे, आणि होडीत पाय ठेवताच ओकारी. गिरणीवाला तर नव्या टोपीत आला होता आणि पाण्याकडं पाठ करूनच उभा होता. त्यांना पाहून नावाड्याला जरा धीर आला.

मोठ्या डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी कारकून. पाण्यात लांब एक पिंप तरंगत ठेवलं होतं. त्याला हात लावून परत यायचं.

नावाडी उतरला. पाय राग आल्यासारखे मारत निघाला. दहा हात, वीस हात. पिंप जवळ येईना. ज्याला डोळे मिटून सगळी नदी मापता येत होती त्याला त्या पिंपाचं अंतर समजेना. पाणी नाकात गेलं. कसाबसा तो पिंपाशी पोचला, त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, आणि संपलं. तिथून सुटायचं म्हणजे हात सोडायचे, आणि हात काही केल्या सुटेनात. पिंप गोल फिरायला लागलं. त्याच्या तोंडाला पाणी लागलं, तो ओरडला की नुसतं तोंड उघडलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

काठावर कुणीतरी "दोर टाका, दोर" म्हणत होतं. दोर शोधेपर्यंत ती पाण्यात होती. डबा पायरीवर राहिला आणि कोरडे कपडे पाण्यात पडले. ती आली, मागून आली, त्याच्या काखेत हात घातला आणि कानाशी म्हणाली, "सोडा. मी आहे. सोडा आता." आणि त्याचे हात सुटले.

काठावर आणल्यावर तो पालथा पडून ओकत होता. पाठीवर तिचा हात होता. गिरणीवाला हसला. त्याच्या हसण्याकडं डॉक्टरबाईंनी असं पाहिलं की त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"यांची बायको."

"तुम्ही अर्ज केलाय?"

ती गडबडली. "मी? नाही. मी कशी करणार? माझी सातवीच झालीय. तिथं आठवी लिहिलंय."

"पुढं?"

"इंजिन येत नाही."

"ते यातल्या दोघांना येतं, आणि दोघांनाही बोटीत बसवत नाही. पुढं?"

"होडीला हात लावलेला नाही. आमच्यात पोहणाऱ्यानं लावायचा नसतो."

पालथ्या पडलेल्या नावाड्यानं ते सगळं ऐकलं. चारातलं एक येत असताना मी अर्ज केला, तोही हिनंच ढकलून करवला. हिला माझ्याहून जास्त येत होतं आणि ही उरलेलं मोजत बसली. आणि ती मोजत बसली असताना मी काय करत होतो? माझ्या तर डोक्यातही आलं नाही.

कारकून म्हणाला, "बाई, आठवीची अट..."

"अट मीच घातलीय. बाटलीवरचं नाव वाचता यावं म्हणून." बाईंनी पिशवीतून एक बाटली काढून नावाडणीपुढं धरली. ओल्या हातात बाटली धरून तिनं नाव वाचलं, खालची बारीक अक्षरं वाचली, मुदत कधी संपते तेही वाचलं. "झाली आठवी," बाई म्हणाल्या. "पोहणं आज सगळ्यांनी पाहिलं. सोमवारी होडी चालवून दाखवा. इंजिन आमचा मिस्त्री शिकवील."

दोघं परतीच्या वाटेला लागले. ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. अर्ध्या वाटेवर नावाडी थांबला.

"सगळ्यांपुढं मला बाहेर काढायला पाहिजे होतं का?"

ती वळली. एवढ्या वर्षांत त्यानं तिला इतकी चिडलेली पाहिली नव्हती. "मग काय करू? बुडू देऊ? लाजेपायी बुडू देऊ तुम्हाला? नको मला ती नोकरी! पोती उचलू. पण तुम्ही..."  ती तिथंच बांधावर बसली.  

तो तिच्या शेजारी बसला. डबा उघडला. दोघांनी जेवण केलं, गार झालेलं. तेवढ्यानंच त्यांचं भांडण मिटलं.

घरी आबा ओसरीत बसले होते, पाय पुढं पसरून. दोघांचे ओले कपडे त्यांनी पाहिले.

"झालं?"

"नाही झालं, आबा. मी पिंपाशी अडकलो. बुडत होतो." नावाडी त्यांच्यापुढं खाली बसला. त्याला पायरी पायरीनं सांगायचं होतं, पण सगळं एकदमच तोंडातून आलं. "ही आली. धक्क्यावर सगळे दोर शोधत होते आणि ही आली. आबा, आजोबांचा तो भाऊ उडी मारून पळाला. ही उडी मारून आली. पोहता येत होतं म्हणून आली."

आबांनी सुनेकडं पाहिलं. ती दारात उभी होती, खाली बघत.  पुलावर लोखंड वाजत होतं.

"सोमवारी तिला होडी चालवून दाखवायचीय," नावाडी म्हणाला. "आणि तिला बांबू धरता येत नाही."

"कसा येईल?" आबा म्हणाले. "आपण धरू दिलाय कुठं?" आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

पुढं काय झालं ते सगळ्या काठाला ठाऊक आहे. नावाडीण बोटीवर लागली. इंजिन शिकायला तिला जरा वेळ लागला, पहिल्या पावसाळ्यात दोनदा बोट मधेच बंद पडली आणि नर्सबाईंनी डबड्यानं ती वल्हवली. पण वाड्यांवरची कितीतरी बाळंतपणं त्या बोटीनं वेळेवर दवाखान्यात पोचवली. घर राहिलं. वल्ह्यांच्या खाचेत आता छत्र्या टेकवतात. होडी परसात पालथी पडलीय, तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात. आणि अजूनही संध्याकाळी वळणावर इंजिनाचा आवाज आला की नावाडी पायऱ्या उतरतो, ती दोर फेकते, तो झेलतो. तिच्या हाताचा दोर त्यानं कधी पाण्यात पडू दिला नाही.

पण मनानं तो जातो ते त्या उन्हाळ्यातल्या एका दुसऱ्याच सकाळी. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. ऊन अजून पुलाच्या खांबांपर्यंतच आलं होतं. पलीकडं जाणारे चारपाच उतारू जमले होते, त्यांत ती नातवाची म्हातारी होती, भांडीवालाही होता. आबा बांबू घेऊन पायऱ्या उतरले. खाली आल्यावर होडीत चढले नाहीत.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. कितीतरी दिवसांनी मारली.

ती आली. आबांनी बांबू तिच्यापुढं आडवा धरला. ती सवयीनं वळसा घालून बाजूला व्हायला लागली.

"कुठं निघालीस? धर."

तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. मग हात पदराला पुसले, दोनदा पुसले, आणि धरला. उतारू जागचे हलले नाहीत. म्हातारीनं नातवाचा हात घट्ट धरला. भांडीवाला ओझं डोक्यावरून उतरवायलाच तयार नाही. 

तेव्हा आबा होडीत चढले. जन्मात ते त्या होडीत कधी बसले नव्हते, नेहमी उभे. बसायचं कुठं तेच त्यांना कळेना. मधल्या फळीवर बसले, गुडघे जवळ घेतले, हात मांडीवर ठेवले, जसे उतारू बसतात.

मग म्हातारी चढली. मग बाकीचे चढले.

नावाडी पुढच्या टोकाला बसला, तिच्याकडं तोंड करून. "टेकव. आता ढकल. ढकल गं, तो काय नुसता हातात धरायला दिलाय! सोड. उचल." होडी आधी स्वतःभोवती फिरली, मग खालच्या अंगाला घसरली, मग एक धक्का बसून सरळ झाली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि दात ओठात रुतले होते. नदीच्या मधोमध, जिथं बांबू पुरता बुडतो आणि तळ हाताला लागेनासा होतो, तिथं होडी डुलली. भांडी खणखणली. नातू आजीला बिलगला.

आबांनी होडीची कड धरली. वर, तिच्याकडं पाहिलं.

"सूनबाई, तुला पोहता येतं ना नीट?"

"येतं, आबा."

"बरं झालं बाई," आबा म्हणाले. "मला येत नाही."

आणि त्यांनी कडेवरचा हात काढून परत मांडीवर ठेवला.